फरफटी

दुकानाच्या काचेआड लावलेल्या मोठ्या टीव्हीवर एक बाई पाठमोरी चालत होती, आणि माझा डावा खुबा दुखायला लागला. हा क्रम मी नीट लक्षात ठेवला आहे, कारण नंतर धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, मला पटवायचा बराच खटाटोप केला की तू आधी जाहिरात ओळखलीस, मग चिडलीस, आणि मग तुला दुखल्यासारखं वाटलं. तसं अजिबात नव्हतं. मी बससाठी थांबले होते. डोक्यात एका दंतवैद्याने नाक मुरडून परत पाठवलेली कवळी होती. त्या बाईकडे मी धड बघतही नव्हते. धुकं, मोडकी घरं, मळकट झगा, कमरेपर्यंत सुटलेले केस, असल्या जाहिराती हल्ली पैशाला पासरी. पण ती पाऊल टाकायची आणि माझ्या खुब्यात काहीतरी हलायचं. डावा पाय बाहेरून अर्धगोल काढून पुढे, टाचेच्या आधी चवडा, मग डावा खांदा खाली, मग उजवा पाय घाईघाईने, उशीर झाल्यासारखा. पुन्हा डावा. मी जागच्या जागी उभी होते आणि समोर मी चालत होते. मग ती बाई वळली. तिला नाक-डोळे नव्हते, नुसतं एक रुंद तोंड होतं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘फरफटी येत आहे’. शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजातल्या पोरी किंचाळल्या. आनंदाने.

आपली चाल आपल्याला कधी दिसत नाही. आरशासमोर चालता येत नाही, चाललं तर आपण आरशासमोर चालतो, तशी एरवी चालत नाही. मला माझी चाल ठाऊक आहे ती लोकांच्या डोळ्यांवरून. डोळे आधी चेहऱ्यावर येतात, मग खाली जातात, मग चटकन भिंतीकडे. शहाणी माणसं भिंतीकडे बघतात. कमी शहाणी विचारतात, लहानपणापासून का? मी म्हणते, नाही, आजच सकाळपासून. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. खुब्याने जे दिलं नाही ते देवाने जिभेत भरलं असावं. पण त्या दिवशी काचेसमोर जीभ टाळ्याला चिकटली. बस आली, दार उघडलं, चालकाने वाट पाहिली, आणि मला दारापर्यंतची ती चार पावलं टाकता येईनात, कारण त्या पोरी माझ्या मागेच होत्या. बस गेली.

धाकट्याचं काम म्हणजे संगणकातल्या खेळांमधली माणसं आणि जनावरं चालवणं. चित्र दुसरे काढतात, हा त्यांना हातपाय हलवायला शिकवतो. काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता, ताई, तुझी चाल हवी आहे. मी म्हटलं, घेऊन जा, मला तरी कुठे हवी आहे. तो हसला नाही. म्हणाला, खेळात एक म्हातारी राणी आहे, लढाईत जायबंदी झालेली, पण अख्खं सैन्य तिच्या मागून चालतं, आणि आमच्यातल्या कोणालाही तिचं चालणं जमत नाही. मी गेले. त्यांनी मला अंगाला चिकटणारा काळा पोशाख चढवला, त्यावर कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून जागोजागी करड्या गोट्या लावल्या. चारचौघांसमोर पाणी प्यायला उठायचं तरी मी आधी गर्दी पांगायची वाट बघते, आणि त्याच मी त्या गोदामाएवढ्या खोलीत दुपारभर येरझारा घातल्या. काम संपल्यावर धाकटा म्हणाला, “राणी दिसत होतीस, ताई.” हे वाक्य मी जपून ठेवलं. मी काम करते त्या दातांच्या लॅबचा जिना चढताना, कवळ्यांचं तबक घेऊन दंतवैद्यांच्या पुढ्यात उभी राहताना, मी ते मनातल्या मनात काढून बघायची. ते खोटं निघालं याचा राग मला चेहरा नसलेल्या त्या बाईपेक्षा जास्त आला.

बसथांब्यावरूनच मी त्याला फोन लावला. म्हटलं, “राणीचं काय झालं?” तो लगेच समजला. “ताई, राणी कापली. वरच्या साहेबांनी खेळाची सगळी गोष्टच बदलली. पण चाल इतकी सुंदर आली होती, वाया कशी घालवायची, तूच सांग.” मी म्हटलं, “म्हणून भुतिणीला घातलीस.” “भुतीण काय गं? फरफटी! आईची फरफटी. विसरलीस की काय? सगळ्यांना लोककथेतली भुतं हवी होती, कोणाकडे काहीच नवीन नव्हतं, मी एकट्याने सांगितली. आईला केवढं बरं वाटलं असतं.” मी फोन बंद केला. आईला बरं वाटलं असतं! आई असती तर तिने फोन भिंतीवर आपटला असता.

फरफटी ही आईला तिच्या आईकडून मिळालेली. ती सगळीकडे उशिरा पोचणारी बाई. एक पाय ओढत गावोगाव फिरायची. ती पोचेपर्यंत दारं लागलेली असायची, चुली विझलेल्या असायच्या, मग एक दिवस ती दारांवरच चिडली. ती धावत नाही आणि दमतही नाही. तुम्ही कितीही लांब पळा, तुम्ही झोपलात की ती चालतेच आहे. आई भिंतीपलीकडे जाऊन बाबांची चप्पल फरशीवरून ओढायची, एक लांब ओढ आणि एक आखूड टप्पा, आणि आम्ही दोघं पांघरुणात एकमेकांना चिमटे काढत थरथरायचो. मला ती गोष्ट फार आवडायची. मग मला तो खुबा निकामी करून गेलेला ताप आला. बरेच दिवस दवाखान्यात काढून मी घरी आले ती बाबांचा हात धरून, आणि दारापासून पलंगापर्यंत एकटीने चालत जायचा हट्ट मी धरला, कारण सगळे बघत होते. एक लांब ओढ, एक आखूड टप्पा. आई हातात पातेलं घेऊन मधल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघत चालत होते, कौतुकाच्या आशेने, आणि मला तिचा चेहरा दिसला. तिने तो आवाज ओळखला होता. मी लहान होते, पण दुधखुळी नव्हते, मीही ओळखला. त्या रात्री धाकट्याने रोजच्यासारखं म्हटलं, फरफटीची सांग ना, आणि आयुष्यात कोणावर हात न उगारलेल्या माझ्या आईने त्याच्या मुस्काटात मारली. ती गोष्ट आमच्या घरात पुन्हा कोणी काढली नाही. एक अख्खी भुतीण आईने माझ्यासाठी घराबाहेर काढली होती, आणि तिची जागा रिकामीच ठेवली होती, मोठ्या कष्टाने, मरेपर्यंत.

आमच्या लॅबमध्ये दातांचे साचे येतात. दंतवैद्य रोग्याच्या तोंडात मऊ लगदा दाबतो, तो घट्ट झाला की काढून आमच्याकडे पाठवतो, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, आणि त्या माणसाचं तोंड आमच्या टेबलावर येतं. माणूस येत नाही. त्याला विचारावं लागत नाही की तुझ्या तोंडाचं आता काय करू. माझ्या टेबलापासून पॉलिशच्या यंत्रापर्यंत जायला लांबलचक वाट आहे, दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, आणि इतक्या वर्षांत त्या वाटेचं मला काही वाटेनासं झालं होतं. जाहिरातीनंतर काही दिवसांनी खेळ बाजारात आला, आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाला आणि मेणकाम करणारी बाई एकाच फोनवर वाकले होते. पॉलिशवाला भला माणूस, बायकोला घाबरणारा, साहेबांना न घाबरणारा. तो तिला समजावत होता, “डोक्यात मारून उपयोग नाही, गोळ्या फुकट जातात. डाव्या पायावर मारायचं. सगळ्यांना ठाऊक झालंय आता. डाव्या पायात ती कच्ची आहे. दोनदा बसली की कोसळतेच.” मी तबक घेऊन येत होते. त्याने मान वर करून बघितलं, हसला, पुन्हा फोनकडे बघितलं, आणि मग अगदी हळू पुन्हा वर बघितलं. त्याचे कान लाल होताना मला दिसले. फोन पालथा ठेवून तो म्हणाला, “मॅडम, तबक मी घेऊन आलो असतो की.” त्या दिवसापासून तो खरंच तबक न्यायला माझ्या टेबलाशी येऊ लागला, आणि मला तो नजरेसमोर नकोसा झाला. त्याने मला लंगडी म्हटलं असतं तर मी त्याला उभा-आडवा सोलला असता. मदतीला काय उत्तर देणार?

घरी बसून मी लोकांनी टाकलेले खेळाचे व्हिडिओ बघितले. मला मारणाऱ्यांची कमतरता नव्हती. कोणी छपरावरून मारत होतं, कोणी गाडी अंगावर घालत होतं, एक माणूस तर नाश्ता करता करता मारत होता, त्याचं चावणं ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी ती धुक्यातून यायची, पाय फेकत, खांदा पाडत, आणि प्रत्येक वेळी डाव्या पायावर घाव बसून गुडघ्यावर पडायची. ते पडणं माझं नव्हतं. मी तशी पडत नाही. मी उजव्या हातावर पडते, गुडघा वाचवून. चालणं माझं आणि मरणं कोणा दुसऱ्याचं, हेही मला अपमानास्पद वाटलं. मग मी चालणं बदलायचा प्रयत्न केला. खोलीतल्या खोलीत, डावा पाय सरळ पुढे नेऊन, खांदा ताठ ठेवून. भिंतीचा आधार घेतला तर जमायचं, म्हणजे जमत नव्हतं. शेवटी पाठीत उसण भरली. मी जागेवरून उठणं टाळू लागले. पाणी कमी प्यायले, म्हणजे उठावं लागत नाही. बाजारात जायची ती घरपोच मागवू लागले, आणि घरपोच आणणाऱ्याला दारातून ओरडून सांगू लागले, तिथेच ठेव. चालीवर माझं प्रेम कधीच नव्हतं. पण माझ्याकडे दुसरी नव्हती, आणि तीच घेऊन मी या वयापर्यंत पोचले होते. मला ती परत हवी होती, एवढंच.

धाकटा घरी आला तो पेढीवरच्या माणसासारखं बोलायचं ठरवून. “कोणाला कळणार आहे, ताई?” मी म्हटलं, “मला.” “अगं, पण लोकांना ती किती आवडते! सगळ्यात जास्त घाबरतात ते तिलाच. बाकीची भुतं नुसती आरडाओरडा करतात.” “माझ्या चालण्याला घाबरतात, हे तू मला माझ्याच घरात बसून कौतुकाने सांगतो आहेस.” “तसं नाही.” “मग कसं?” तो खुर्चीत मागे टेकला आणि अचानक लहानपणीच्या चिरक्या आवाजात म्हणाला, “ती गोष्ट माझीपण होती! तू दवाखान्यातून आलीस आणि घरातल्या गोष्टीच बंद झाल्या. हसणं बंद, पळणं बंद. मी का मार खाल्ला ते मला कोणी कधी सांगितलं का? मी अंथरूण ओलं करायचो म्हणून आईने गोष्ट बंद केली असं मी लग्न होईपर्यंत धरून चाललो होतो.” मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याला मारावंसं वाटलं. मी त्याला खरं कारण सांगितलं. पातेलं, मधलं दार, आवाज, सगळं. तो खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, उमजलं. मग तो म्हणाला, “म्हणजे आईनेच आधी ओळखलं,” आणि त्याच्या आवाजात दुःख होतं, पण दुःखाच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं, एखाद्या कारागिराला आपलं काम बरोबर होतं असं कळल्यावर होतो तसला आनंद. ते मी ऐकलं आणि त्याला क्षमा करायचा विचार सोडून दिला. जाताना तो कबूल करून गेला की खेळाची पुढची आवृत्ती निघते आहे, तीत चाल बदलू, एक नर्तकी बोलावली आहे, तू ये, तुझ्यादेखत नवी चाल घेऊ आणि जुनी काढून टाकू.

खोली तीच होती, फक्त आता गोट्यांचा पोशाख लागत नव्हता. छताला चहूकडे कॅमेरे होते आणि नुसत्या कपड्यांवरही भागत होतं. काचेमागे कॅमेरेवाला यंत्रांसमोर बसला होता. नर्तकी मोकळ्या स्वभावाची होती, मला बघून उठून उभी राहिली, पायांकडे न बघता बोलली, तेव्हा मला ती आवडायला हरकत नव्हती. मग ती चालायला लागली. दातओठ खाऊन, कमरेवर हात ठेवून, पावलागणिक कण्हत. धाकटा म्हणाला छान. ती परत आली, आणखी कण्हत. मी दाराजवळच्या खुर्चीत बसून ते बघत होते आणि अंगाचा तिळपापड होत होता. ती दुखणं दाखवत होती. मला चालताना दुखत नाही. लंगडणं म्हणजे दुखणं, असं फक्त न लंगडणाऱ्यांना वाटतं. माझी चाल चोरली गेली होती ते एक वेळ समजण्यासारखं होतं, चोरायला काहीतरी होतं तरी. पण तिच्या जागी हे कण्हणारं सोंग उभं राहणार आणि लोक म्हणणार, लंगडी बाई अशी चालते? मी उठले. “बाई गं, थांब. पाय ओढायचा नाही, फेकायचा. इथून, कमरेतून. तो आपोआप येतो, तू त्याची वाट बघायची नाहीस. आणि खांदा पाडायचा नाही, खांद्यावर रेलायचं. बघ.” आणि मी चालून दाखवलं. त्या टोकापर्यंत, वळून, परत. कितीतरी दिवसांनी मी भिंत न धरता चालत होते. पाय बाहेरून गोल येत होता, खांदा त्याला झेलत होता, उजवा धावत होता, आणि मला ते इतकं बरं वाटलं, इतकं मोकळं, की मी न सांगता आणखी एक फेरी मारली. नर्तकी पुटपुटली, “हे मला नाही जमायचं.” मी खोलीच्या मधोमध होते.

काचेमागून कॅमेरेवाल्याचा आवाज आला. “झकास! पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आलंय, सर. हेच ठेवू या की.”

मी धाकट्याकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, पुसून टाक. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो काचेपलीकडच्या पडद्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ किंचित उघडे होते. तिथे जे दिसत होतं ते त्याला इतकं आवडलं होतं की मी त्याच खोलीत आहे हे तो विसरला होता. मला दाराकडे पाय काढता घ्यायचा होता. दार लांब होतं, आणि तिथवर जायला चालावं लागणार होतं, संतापून, ताठ मानेने, म्हणजे त्यांना हवं होतं त्याहूनही चांगलं. वर सगळे कॅमेरे चालू होते. मी खाली बसले. सरळ फतकल मारून, खोलीच्या मधोमध, जमिनीवर.

“ताई, काय झालं? लागलं का?”

“उचल मला.”

“काय?”

“उचल. मी या खोलीत आता एकही पाऊल टाकणार नाही. तू उचलून न्यायचं.”

तो हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. नर्तकी भिंतीकडे बघू लागली. “ताई, सगळे बघतायत. ऊठ ना, आपण बोलू.” मी तशीच बसून राहिले. तो आला, वाकला, एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, जसं सिनेमात करतात. मी काही पिसासारखी नाही. पहिल्यांदा मी हललेच नाही. दुसऱ्यांदा त्याच्या पाठीत काहीतरी वाजलं आणि मी वर आले. त्याच्या शर्टाला घामाचा वास होता. त्याने दाराकडे तोंड केलं. मी म्हटलं, “आधी तिकडे. काचेमागे.”

तो मला घेऊन आत गेला, फाकलेल्या पायांनी, डुलत. कॅमेरेवाला उठून उभा राहिला. पडद्यावर मी चालत होते. झगा नव्हता, केस नव्हते, धुकं नव्हतं. माझी रोजची पँट, माझा सदरा, आणि ती चाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती पहिल्यांदा बघत होते, तोंडासकट. चांगली होती. मी म्हणते आहे म्हणजे खरंच चांगली होती. वळताना तर अशी की मलाच तिच्या मागून जावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मी म्हटलं, “पूस हे.”

कॅमेरेवाल्याने धाकट्याकडे बघितलं. “सर, याची दुसरी प्रत नाही. एकदा गेलं की—”

वजनाने धाकट्याची मान फुगली होती. पडद्यावर मी पुन्हा पहिल्यापासून निघाले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, अगदी जवळून, आणि स्वतःचं वजन कुठेही सावरलं नाही. तो माझ्याकडे बघेना. त्याचा डावा गुडघा वाकला, सावरला, पुन्हा वाकला.

“पूस,” तो म्हणाला.

“सर, नक्की?”

“पूस म्हणतो ना! जुनंपण काढ. सगळं काढ.” हे तो रडत म्हणाला, किंवा धापा टाकत; इतक्या जवळून फरक कळत नव्हता. पडदा काळा झाला. नर्तकीने धावत जाऊन दार उघडून धरलं. पुढे बोळ होता, त्यात लोक टेबलांवरून माना वर करून बघत होते, आणि कोणीही भिंतीकडे बघत नव्हतं. तो मला घेऊन त्या सगळ्यांमधून गेला, जिना उतरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि शेवटी बाहेरच्या उन्हात फुटपाथवर येऊन थांबला.

“उतरवू?” त्याने विचारलं. त्याला धड बोलता येत नव्हतं.

“रस्ता ओलांडून दे,” मी म्हणाले.